पुरचुंडी

"हात लावायचा नाही, हा एक नियम," धाकटा म्हणाला. "आणि पडली तर 'चुकलं' म्हणायचं नाही. म्हटलं की त्या दिवसापुरता बाहेर."

चालकाने मान डोलावली, पण दुसऱ्या नियमाने त्याचा पारच हिरमोड झाला होता.

जेवणाची सुट्टी होती. गोदामामागच्या फलाटावर पाच हमाल गोल करून उभे होते. मधे पुरचुंडी उडत होती. पुरचुंडी म्हणजे मुठीएवढी कापडी पिशवी, आत मक्याचे दाणे. ती पायापायाने झेलत राहायची, जमिनीवर पडू द्यायची नाही, एवढाच खेळ. गोलात सहाव्याची जागा सात महिने मोकळी होती. आज फोर्कलिफ्टचा चालक आपण होऊन तिथे उभा राहिला. कोणी हाकललं नाही, कोणी ये म्हटलं नाही.

ती जागा थोरल्याची, म्हणजे धाकट्याच्या सख्ख्या भावाची. याच चालकाच्या फोर्कलिफ्टवरून पेट्यांची चळत कलंडली आणि थोरला तिच्याखाली सापडून जागीच गेला. चौकशी झाली. साहेबांनी चालकाला बजावलं होतं, थोरल्याच्या घरची पायरी चढू नकोस, एक शब्द बोलू नकोस, अंगाशी येईल. चालकाने निमूटपणे ऐकलं. शेवटी अहवाल आला की कोणाचंच चुकलं नाही. तोवर भेटायला जायची वेळ टळून गेली होती. धाकटा त्याच्याशी बोलायचा ते मालापुरतं. वर. खाली. बस.

म्हणून चालकाने हा बेत केला होता. नवशिक्याच्या हातून, म्हणजे पायातून, पुरचुंडी पडणारच. पडली की माणूस सहज 'चुकलं' म्हणतो. त्या छोट्या 'चुकलं'च्या पोटात घालून मोठं देऊन टाकायचं. समोरासमोर म्हणायची त्याची छाती नव्हती. भित्रा माणूस असाच आडवाटेने जातो.

"पाय आत वळव," धाकटा शिकवू लागला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "घोट्याची आतली बाजू वर आण. सपाट ठेव, पाटासारखी. लाथ मारू नकोस, नुसता उचल."

त्याने पुरचुंडी हळूच टाकली. चालकाच्या बुटाच्या लोखंडी टोकाला लागून ती शेजारच्या हमालाच्या, टकल्याच्या, कानाजवळून गेली.

"अरे, मला मारायला आलायस की खेळायला?" टकल्या हसत म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो बुटाचे बंद बांधायला खाली वाकला. बंद बांधलेलेच होते.

चालकाने पुरचुंडी उचलून आणली आणि स्वतःच्याच पायावर सोडायला गेला.

"तसं नाही," धाकट्याने ती काढून घेतली. "स्वतःच स्वतःला द्यायची नसते. दुसऱ्याने द्यावी लागते."

पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा ती चालकाच्या नडगीवर बसली.

"उभा आहेस तो पाय वाकव गुडघ्यात. ताठ माणसाला हा खेळ येत नाही. आणि माझ्या तोंडाकडे काय बघतोस? पुरचुंडीकडे बघ."

चालक वाकला. त्याने नजर खाली केली आणि त्याला बरंच सोपं वाटलं. पुढची पुरचुंडी बुटाच्या आतल्या बाजूवर अलगद बसली आणि सरळ छातीपर्यंत वर आली. धाकट्याने गुडघ्याने ती परत दिली. चालकाने उचलली. ती टकल्याकडे गेली, टकल्याकडून पलीकडे, पुन्हा इकडे. कोणीतरी मोजायला लागलं. सात, आठ, नऊ. चालकाला घाम फुटला होता आणि तो हसत होता. सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही धाकट्याच्या भावाच्या जागेवर उभं राहून. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पुरचुंडी वर होती.

त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. नियम आठवला. हात तसेच हवेत राहिले आणि पुरचुंडी धाकट्याच्या पायाशी पडली. आवाज झाला तो केवढासा. तरी सगळे खाली बघू लागले.

"चुकलं," चालक म्हणाला.

"ए, गप!" टकल्या पुटपुटला. "बाहेर व्हावं लागेल."

"माझं चुकलं. मी वर बघितलंच नाही त्या दिवशी. न बघता उचललं. फोर्कलिफ्टला काही झालं नव्हतं, माझंच चुकलं."

धाकट्याने पुरचुंडी उचलली, तिच्यावरची माती अंगठ्याने पुसली. शिवणीवरचीसुद्धा पुसली.

"कशाला आलायस ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," तो म्हणाला.

"आज पहिलाच दिवस आहे माझा."

"तुझा." धाकट्याने मान वर केली नाही. "मी सात महिने वाट बघतोय. आई तर तू येशील म्हणून दार लावूनच घेत नव्हती. आता नियम म्हणजे नियम. हो बाहेर."

चालक गोलाबाहेर झाला. डबा उचलून चार पावलं गेला आणि पुढे कुठे जायचं ते न सुचून भिंतीशी थांबला. मागे टकल्या मोकळी जागा भरून काढायला एक पाऊल बाजूला सरकत होता.

"सरकू नकोस," धाकटा म्हणाला. "जागा राहू दे."