जपलेलं नाट्यगृह

वारसा जतन खात्यातले मोठे अधिकारी हयवदन निवृत्त होत होते. बेंगळुरूतल्या सत्कारात सगळ्यांनी त्यांची तोंड भरून स्तुती केली. शेवटी ज्येष्ठ नटी वसुमती अक्का बोलायला उठल्या. त्यांचं राजाजीनगरातलं जुनं नाट्यगृह हयवदनांच्याच सहीनं पाडलं गेलं होतं.

"नाट्यगृह गेलं तेव्हा मी फार रडले," अक्का म्हणाल्या. "पण काल हयवदन अण्णांच्या घरी चहाला गेले आणि बघितलं. रंगमंचाचे सागवानी खांब दिवाणखान्यात, झुंबर जेवणघरात. सगळं कसं नीट जपलंय!"

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. हयवदन कसनुसे हसले.

"अक्कांना थट्टेची सवयच आहे."

"थट्टा नाही, अण्णा. रविवारी घर मोकळं ठेवा. आम्हाला नाटक करायला दुसरी जागा उरलेली नाही."