दसऱ्यापुरतं जुनं

“हॉर्नही जुनाच लावायचा का, ताई?” बॉनेटमध्ये वाकलेल्या अंकुशने विचारलं.

“जुनाच.”

“सर्दी झालेल्या म्हशीवानी वाजते तो. नवा एवढा मस्त वाजून राहिला.”

“उद्याच्यापुरता लाव. दसरा झाला की काढ.”

अंकुश हसला. दरवर्षी हेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भूमिका एक खोकं घेऊन त्याच्या गॅरेजवर यायची. त्यात जुना हॉर्न, तडा गेलेला आरसा, गिअरचा पिवळट गोळा आणि लोकरीने विणलेलं स्टिअरिंगचं कव्हर.

“म्हातारीले सांगून काहून नाही टाकत? गाडी तुमच्या नावावर आहे.”

भूमिकाने खोकं त्याच्याकडे सरकवलं.

गाडी घेतली तेव्हा ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. प्रताप नगरच्या त्या घरी आणखी दोघं गाडी बघायला आले होते. गाडीचे मालक रुपरावकाका यांना जाऊन काही महिनेच झाले होते. त्यांच्या पत्नी, सिंधूताई, भूमिकाला म्हणाल्या होत्या, “तू काहून घेतं वं जुनी? पोरीच्या जातीनं नवी घ्यावी.” आपली परीक्षा चाललीय, असं भूमिकाला वाटलं. तिने त्यांचा हात धरला. “काकू, मी काकांची गाडी जशीच्या तशी ठेवीन. एक स्क्रूसुद्धा बदलणार नाही.”

सिंधूताईंनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मी दसऱ्याले येत जाईन. पूजेले.”

वचन पहिल्याच उन्हाळ्यात मोडलं. रेडिएटर गेला, मग क्लच. ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर झिजलं होतं, म्हणून अंकुशने तोही नवा बसवला. गाडी दर वेळी अधिक चांगली चालू लागायची आणि भूमिकाला मात्र आपण एखाद्या घरातून एकेक वस्तू उचलून नेतोय असं वाटायचं.

काकांच्या वेळचा म्हणावा असा बाहेरचा पत्रा तेवढा राहिला होता. त्यातही बॉनेटचा पांढरा रंग बाकी गाडीपेक्षा उजळ होता. तिने त्याचं कारणही शोधून ठेवलं होतं. काकूंच्या पोर्चमध्ये गाडीचं तोंड सावलीत राहत असणार. ऊन मागच्या भागाने खाल्लं.

दसऱ्याला सिंधूताई ऑटोने आल्या. डावा गुडघा वाकत नव्हता. पाय ओढत त्या पार्किंगमध्ये शिरल्या. पिशवीत झेंडूची माळ, आपट्याची पानं आणि लिंबं.

“लांब नाही ना नेत गाडी?”

“नाही, काकू.”

“हायवेवर?”

“नाही.”

हेही दरवर्षीचंच. त्यांनी बॉनेटवर बाजूने वाकून कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि दूर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. “आता ने पुढं. हळू. अन् लगेच थांबव.”

लिंबं फुटली. गाडी थांबली. सिंधूताईंचे ओठ हलत होते. भूमिकाला त्यांच्या भक्तीचं कौतुक वाटायचं आणि स्वतःची लाज.

“काकू, आज तरी मी सोडते ना घरी.”

“नको. ऑटो मिळते.”

या गाडीत बसणं त्यांना सोसत नसेल, हे तिला समजत होतं. ती खाली उतरली.

स्टिअरिंगला कुंकू लावायला सिंधूताई दारातून आत वाकल्या. बांगडी लोकरीत अडकली. त्यांनी हात ओढला तसं विणलेलं कव्हर घसरून खाली लोंबलं. आतून काळं, कोरं चामड्याचं कव्हर चमकलं.

“हे माह्या हातचं वरून घातलं होय?”

“काकू, मी तुम्हाला फसवलं.”

मग तिला थांबताच येईना. “हॉर्न नवा आहे. आरसा, क्लच, रेडिएटर, सगळं बदललंय मी. तुम्ही येता म्हणून जुनं लावते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. वचन दिलं होतं ना मी.”

सिंधूताईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. “ब्रेक?”

“तोही. पहिल्याच वर्षी. जुना भंगारात गेला.”

“म्हणजे इतके दसरे मी उभी राहून पाहत होती, तवा बी नवाच होता?”

“हो. माफ करा, काकू.”

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. भूमिकाला कुठे बघावं कळेना. एका मुलीने खोटं बोलून त्यांच्याकडून नवऱ्याची शेवटची आठवण नेली होती आणि ती भंगारात घातली होती.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. मग त्या पाय ओढत गाडीच्या समोरून गेल्या. समोरून जाताना भूमिकाने त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. डावीकडचं दार उघडून त्या सीटवर टेकल्या आणि ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

“चाल. सोड मले घरी.”

भूमिकाने गाडी काढली. फाटकाशी एक स्कूटर आडवी आली. तिने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

सिंधूताईंनी डॅशबोर्डवर घट्ट धरलेले हात सावकाश सोडले.

“ते गेले त्या दिवशी बी मी इथंच बसली होती वं,” त्या म्हणाल्या. “तुह्या काकानं जीव खाऊन दाबला. लागलाच नाही.”