शाफ्टमधले फवारे

आबासाहेबांचे ते पत्र एकनाथरावांनी कितीदा तरी वाचले होते. उत्तर मात्र दिले नव्हते.

प्रश्न साधाच होता. नारायणगुड्यातल्या आमच्या लॉजचा सांगाडा लाकडी आहे, तर लिफ्टच्या शाफ्टमध्ये आगीसाठी पाण्याचे फवारे लावावेच लागतील का? टाकी एकच आहे. फवाऱ्यांना चामड्याचे वायसर असतात, त्यामुळे आई त्या टाकीचे पाणी पिणार नाही.

इमारत खात्यात एकनाथराव नियमांचे जाणकार समजले जात. शाफ्ट लाकडी असेल तर फवारे हवेत, दगडी असेल तर नकोत, असा नियम होता. इथे बाहेरून दगड आणि आतून सागवान. त्यांनी दोनदा उत्तर लिहिले, दोनदा फाडले. मग निजामाचे राज्य गेले, लष्करी अंमल आला. वाट पाहून आबासाहेबांनी फवाऱ्यांशिवायच लिफ्ट सुरू केली.

संक्रांतीनंतर आग लागली. शाफ्ट धुराड्यासारखा पेटला. लिफ्टवाला नरहर आतच जळून गेला.

आज आबासाहेबांची कमल चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी आली होती.

"काका, बाबांना तुरुंगात घालतील. खात्याला विचारलं होतं म्हटलं, तर चौकशीवाले हसतात."

"पत्राची नक्कल असेल ना?"

"कुठली! लॉजसंगं सगळं जळालं. पत्र मिळालं होतं, तेवढं तुम्ही लिहून द्या. चौकशीला येऊन बोलायला नक्को. बाबा म्हणतात, एकनाथचा आवाज चहाच्या कपाबाहेर येत नाही."

एकनाथराव कसनुसे हसले. "खात्यात छाननी चाललीय, कमल. जुन्या सरकारची माणसं घरी पाठवतायत."

"हौ, ठाऊक आहे. चूक कबूल केली तर तुमच्या नोकरीवर येईल. बाबा तर नको जाऊ म्हणत होते. एकनाथला संकटात टाकू नको म्हणाले."

एकनाथराव उठून कागद घेऊन आले. मग टेबलाशी बसले. थांबत थांबत लिहिले, पाकीट चिकटवले, वर चौकशी अधिकाऱ्यांचा पत्ता घातला.

"तूच टाक पेटीत. माझ्यानं होणार नाही."

कमलचे डोळे भरून आले. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकल्यावर ते आत नीट पडले की नाही, हे तिने बोटे घालून पाहिले.

आत एकच ओळ होती: 'आबासाहेबांचे असे कोणतेही पत्र मला कधीही मिळालेले नाही.'