वेलांटी

शुक्रवारी अकराला सोनोग्राफी होती आणि नेमकी त्याच दिवशी शाळेच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं टेबलावर येऊन पडली.

"जा तुम्ही कामावर," बायको सकाळी म्हणाली. "आई आहे ना सोबत. रजा सोमवारी लागेलच."

सोमवारी ऑपरेशन होतं. नववा लागला होता आणि वार खाली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. बाळाला पोसणारी ती वार, पिशवीच्या तोंडाशी, दारात ठाण मांडून बसल्यासारखी. कळा येण्याआधीच पोट उघडून बाळ काढायचं. रक्त बरंच जाऊ शकतं. आणि बायकोचा गट ओ निगेटिव्ह.

"आमच्याकडे दोन पिशव्या आहेत. पुरतील असं मी सांगणार नाही. देणारा माणूस हाताशी ठेवा." मग त्याचा उतरलेला चेहरा बघून त्या म्हणाल्या, "कधी कधी शेवटी शेवटी वार वर सरकते. शुक्रवारी बघू. सरकली तर धास्ती गेली."

घरी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "वार कुठला दिला?"

"सोमवार."

तेव्हापासून तो मनात एकच घोकत होता. सरकू दे. काही करून सरकू दे.

तो प्रूफरीडर होता. प्रेसमध्ये सगळे त्याला 'लालपेन' म्हणत. खोडच तशी. हॉटेलातलं मेनूकार्डसुद्धा सुधारून द्यायचा. सासूबाई साठीत मोबाइलवर लिहायला शिकल्या. त्यांचं बोट हमखास शेजारच्या चिन्हावर पडायचं, 'भाजी संपली'चं 'संपला' व्हायचं. हा तेही दुरुस्त करून परत पाठवायचा.

"जावईबापू," त्या एकदा कावल्या, "मला लेकीची काळजी, तुम्हाला वेलांटीची!"

रक्त देणारा माणूस त्यानेच शोधला. बायंडिंगमधला पहिलवान. अंगाने काडी, पण गट जुळणारा. दहा ठिकाणी विचारून हा एकच सापडला. त्याची आई गावी आजारी होती, तरी तो थांबला होता. "सोमवारी रक्त देतो आणि मग निघतो," म्हणाला. "बस काय, रोजच असते."

साडेबारा झाले. फोन नाही. पेनातली लाल शाई बोटांना लागली. ती पुसताना प्रुफावर डाग पडला आणि नुसता पसरतच गेला. त्याने कागद पालथा घातला.

एकला मोबाइल थरथरला. सासूबाईंचा मेसेज.

'वार सरकला. आजच बघा. डॉक्टर म्हणाल्या घाबरू नका. फोन बंद ठेवायला लावलाय. बाकी आल्यावर.'

छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. त्याला हसूच आलं. 'सरकला' काय! सवयीने उत्तर टाकलं, 'सरकला नव्हे, सरकली. वार स्त्रीलिंगी.' त्यावर एकच टिक दिसली.

मग तो जवळजवळ पळतच बायंडिंगमध्ये गेला.

"पहिलवान, वार सरकली! जा तू. आईला भेट."

"नक्की ना, लालपेन? सोमवार व्हायचाय अजून."

"अरे, लेखी आलंय! दोनची बस मिळेल. पळ."

पहिलवानाने हातातला गोंदाचा ब्रश तसाच टाकला. जिन्यावरून ओरडला, "पोरगी झाली तर नाव मी ठेवणार!"

"आधी स्वतःचं बदल!"

त्यानंतर त्याने झकास काम केलं. चाळीस पानं. एक चूक नजरेतून सुटली नाही.

साडेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. सासूबाई होत्या, दवाखान्याच्या काउंटरवरून.

"कुठवर पोचलात? दोन्ही पिशव्या चढवून झाल्या हो. अजून मागताहेत. पहिलवान आहेत ना बरोबर?"

"तो गावी गेला. पण आई, वार सरकली ना?"

"वार सरकला, जावईबापू! सकाळी रक्त जायला लागलं, म्हणून सोमवारचं ऑपरेशन आज घेतलं. मेसेज केला होता ना मी?" पलीकडे कुणीतरी त्यांना घाईने हाक मारली. "तुम्ही नावं ठेवता, म्हणून या खेपेला तीनदा वाचून पाठवला. काही चुकलं होतं का?"