बोलण्याचा मान

लोसाने दुसऱ्यांदा घंटा वाजवली. कुणीही खाली बसलं नाही.

वक्तृत्व स्पर्धेतले सातही स्पर्धक उभे होते. खरं तर एकट्या फुआतिनोने उभं राहायला हवं होतं, यादीत पहिलं नाव तिचं होतं. प्रत्येकाला पाच मिनिटं, असा नियम लोसाने स्वतः लिहून कॉलेजच्या फळ्यावर लावला होता. पण फुआतिनोने तोंड उघडायच्या आत सेफो उठला.

"ताई, तुझा गोड आवाज लग्नांसाठी राखून ठेव," तो म्हणाला. "आजचं बोलणं माझ्यावर सोड."

मग तिसरा उठला. मग चौथी उठली.

लोसाला आपली चूक कळली. सरावाच्या वेळी तीच मुलांना म्हणाली होती, "गावच्या वक्त्यांसारखं बोला." आणि सामोआत गावचे वक्ते मैदानावर आले की लगेच भाषण सुरू करत नाहीत. आज बोलण्याचा मान कुणाचा, यावर आधी त्यांची झुंज लागते. एकेक जण माघार घेतो. शेवटी उरतो तो सगळ्यांच्या वतीने बोलतो. मुलांनी लहानपणापासून हेच पाहिलं होतं. मोठ्यांसमोर तोंड उघडायची संधी मात्र त्यांना आज पहिल्यांदा मिळाली होती.

प्राचार्य तोमासी घड्याळाकडे बघत होते. त्यांना ही स्पर्धा मुळात नकोच होती. "यंदा करून बघा," ते लोसाला म्हणाले होते. "पण पालकांसमोर हसं झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही." चटयांवर दीडशे पालक बसले होते. काही जण आत्ताच हसत होते.

"लोसाबाई," तोमासी तिच्या कानाशी आले, "ही भाषणं आहेत की मासळीबाजार?"

लोसा वाकून परीक्षकांजवळ गेली. मुख्य परीक्षक, म्हातारे लेउपोलू, खांबाला पाठ टेकून बसले होते. चाळीस वर्षं ते आपल्या गावाच्या वतीने बोलत आले होते.

"आजोबा, थांबवू का त्यांना?"

"बस, पोरी."

"पण वेळ चाललाय."

"कुणाचा? मला तर कुठे जायचं नाही."

तिकडे एक मुलगा आपल्या दर्यावर्दी पणजोबांची थोरवी सांगत होता. सेफोने त्याला मध्येच विचारलं, "त्यांनी भर लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची होडी उलटवली होती, तेही सांगणार ना?" चटया हसण्याने हलल्या. तो मुलगाही हसला आणि बसला. त्याच्यामागून आणखी चौघे बसले. तासाभरात उरले दोघेच, सेफो आणि फुआतिनो.

लोसाने श्वास रोखला. फुआतिनोने दोन महिने रोज पहाटे या भाषणाचा सराव केला होता. तिच्याएवढी तयारी कुणाचीच नव्हती. निदान ती बोलली, तर अजून सगळं सावरता येईल.

फुआतिनोने आधी सेफोकडे पाहिलं, मग चटयांच्या शेवटच्या रांगेकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "माझं गाव इथून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या गावाचं बोलणं इथल्या खांबांनाही पाठ आहे. तुझी आई पहाटेच्या बोटीने समुद्र ओलांडून आलीये. तिचे केस अजून वाळले नाहीत. घरी परतल्यावर तिने तुझ्या गावाला काय सांगायचं? तू बोल. मी ऐकते."

ती बसली.

लोसाने डोळे मिटून घेतले.

सेफो बोलला, आणि चांगला बोलला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर पंखा धरला. पण तेवढ्यात चर्चमधल्या प्रार्थनेची वेळ झाली, आणि माणसं उठायला लागली.

तोमासी परीक्षकांसमोर येऊन बसले. "माफ करा, आजोबा. तुम्हाला उगाच एवढ्या लांबून बोलावलं. सातांतला एकच बोलला, निकाल कसला लावणार? हा प्रकार आता इथेच थांबवू."

लेउपोलूंनी हातातला कागद त्यांच्यापुढे धरला. त्यावर एकच नाव होतं.

"फुआतिनो?" तोमासींनी पुन्हा वाचलं. "अहो, पण हिने तर भाषणच केलं नाही."

"सेफो बोलायला लागला तेव्हा माझं काम संपलं होतं," लेउपोलू म्हणाले. "त्याचं भाषण मी नुसतं ऐकलं. तुम्हीही पुढच्या वर्षी जरा लवकर ऐकायला लागा."