लपवलेलं पातेलं

नणंदेने दोन्ही पातेली लॅबच्या टेबलावर आदळली. एक ॲल्युमिनियमचं, पोचे आलेलं. दुसरं पितळेचं, लख्ख घासलेलं.

"या बाईने माझ्या भावाला यातून विष घातलंय," ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर बोट आपटत ती म्हणाली. "तो तिकडे हॉस्पिटलात पिवळा पडलाय. तपासा आणि लिहून द्या. मग बघते हिच्याकडे."

भावजय मागे खाली मान घालून उभी होती. लॅबवाल्याने चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं.

"दोन्ही तपासू?"

"दोन्ही! माझं चोख निघू दे, म्हणजे हिचं पाप दिसेल."

सहा महिन्यांपूर्वी नणंदेने कुठेतरी ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे स्मरणशक्ती जाते असं वाचलं आणि तिच्या डोक्यात भुंगा शिरला. भावाला एकदा चष्मा सापडेना, तेवढं निमित्त पुरलं. त्याच संध्याकाळी तिने त्याच्या स्वयंपाकघरातली भांडी, झाकण्या, अगदी फॉइलची गुंडाळीसुद्धा पोत्यात कोंबली आणि माळ्यावरून आईचं पितळेचं पातेलं खाली काढलं.

भावजयीने ते हातात घेतलं, आतून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं.

"धूळ शोधतेस? राखेने खसाखसा घासलंय मी."

"वन्सं, यांचं टोमॅटोचं सूपही यातच करू?"

"मग काय माझ्या डोक्यावर करतेस? यातच करायचं आणि यातच ठेवायचं."

"यांच्यासमोर एकदा सांगा. मागाहून मला बोल नको."

नणंदेने भावाला हाक मारून ठणकावून सांगितलं. वर टोमणाही मारला, "बापाचे हात जन्मभर काळे. तसल्या घरातून आलेलीला भांड्यातलं काय कळणार?" तो बाप नेमकं काय करायचा, हे विचारायची तसदी तिने कधी घेतली नव्हती. भाऊ खो खो हसला.

त्याला सूप आंबटढाणच हवं असायचं. एकदा ते जरा सपक झालं, तेव्हा त्याने कढत वाडगा बायकोच्या मनगटावर उपडा केला होता. नणंद समोरच बसली होती. "तो लहानपणापासूनच तापट आहे, तू जपून वाग," एवढंच म्हणाली आणि आपलं जेवण उरकलं. मनगटावरचा चट्टा अजून गेला नव्हता. तो दिसला की भावजयीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पितळेचं पातेलं आल्यापासून सूप एकदाही सपक झालं नाही.

काही दिवसांनी भावाला मळमळू लागलं. मग उलट्या, मग पोटात कळा. कुठेतरी ॲल्युमिनियम उरलंय, याबद्दल नणंदेला शंकाच नव्हती. तिने घर उलथंपालथं केलं आणि पिठाच्या डब्यामागे ते पोचे आलेलं पातेलं सापडलं. भावजय स्वतःपुरती भाजी त्यात करत होती.

"म्हणजे माझ्या माघारी त्यालाही यातलंच वाढत होतीस!"

"नाही वन्सं. त्यांचं सगळं तुमच्याच पातेल्यात."

ऐकतंय कोण! इमारतभर बोभाटा झाला. लॅबचा कागद हातात आला की थेट पोलिसांत जायचं, हे नणंदेने चारचौघांत जाहीर करून टाकलं.

चौथ्या दिवशी लॅबवाल्याने दोघींना बोलावलं.

"ॲल्युमिनियमच्या भांड्यात काळजीसारखं काही नाही."

"नीट बघा!"

त्याने पितळेचं पातेलं उजेडात तिरकं धरलं. "याला कल्हई कधी केली होती?"

"कल्हई?"

"आतला कथलाचा थर. पार उडालाय. उघड्या पितळेत आंबट ठेवलं की त्यात तांबं उतरतं. रोज कोण खात होतं यातलं?"

नणंदेला रडू फुटलं. "मीच दिलं हो त्याला. माझ्या हाताने दिलं. मला काय माहीत? नुसतं बघून कसं कळणार कुणाला?"

"तेही खरंच," लॅबवाला म्हणाला. "ओळखणारी माणसं आता राहिलीत कुठे!"

भावजयीने नणंदेच्या पाठीवरून हात फिरवला, रडू नका म्हणाली. मग तिने पितळेचं पातेलं उचललं आणि आतून अंगठा फिरवला. सात वर्षांची असल्यापासून बापाच्या कल्हईच्या भट्टीशी बसून ती प्रत्येक भांड्यात फिरवायची, अगदी तसाच.