पाचवं काडतूस

पट्टा मध्येच थांबला. पडद्याकडे बघणाऱ्या जवानानं ती निळी पिशवी मागे घेतली, पुन्हा मशीनमधून सोडली आणि हात वर करून मॅडमना बोलावलं.

"ही कोणाची?"

"आमची," वैभव म्हणाला. "आईचे कपडे आहेत."

नागपूरचं विमानतळ. हैदराबादचं विमान सुटायला अजून पाऊण तास होता. वैभव आईला, वच्छलाबाईंना, कायमची आपल्याकडे घेऊन चालला होता. सौंसरच्या घराला सकाळी कुलूप लावताना तिच्या बॅगेची चेन तुटली, म्हणून त्यानं फळीवरची ही जुनी पिशवी ओढून काढली आणि कपडे कोंबले. वच्छलाबाईंना ती दिसली तेव्हा गाडी लोधीखेडा ओलांडून गेली होती. "परत चाल," असं त्या दोनदा म्हणाल्या. वैभवनं घड्याळ दाखवलं. मशीनला पिशवीच्या आतलं दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

जवानानं पातळं बाहेर काढली, तळ चाचपला, ब्लेडनं अस्तर उसवलं. आतून लाल रंगाचं, पितळी बुडाचं काडतूस निघालं. भरलेलं. बारा बोअरचं.

मॅडम सब-इन्स्पेक्टर होत्या. त्यांनी ते उचलून धरलं.

"लायसन्स असेल आणि आधी सांगितलं असेल, तर काडतुसं चेक-इनच्या सामानात जातात. हातातल्या पिशवीत एकही नाही. तुम्हाला आता विमान मिळणार नाही. लायसन्स कोणाच्या नावावर?"

वैभवनं वाकून बुडावरचा छाप वाचला. घरच्या काडतुसांवर होता तोच.

"माझ्या वडिलांच्या. यशवंतराव. ते जेलमध्ये आहेत, मॅडम. याच काडतुसापायी."

तो भराभर बोलू लागला. मोहगावच्या रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग. रानडुकरांसाठी बंदूक. शेजारच्या बागेतला गजेंद्र गोळी लागून मेला. वडिलांचं त्याच्याशी वाटेवरून भांडण होतं. पोलिसांनी लायसन्सचं पुस्तक काढलं. पाच काडतुसं घेतलेली. दोन डुकरांवर उडवलेली, त्यांच्या रिकाम्या नळ्या मिळाल्या. दोन कपाटात मिळाली. पाचवं मिळालं नाही. हरवलं, असं वडील ओरडून सांगत होते. कोर्टानं ते गजेंद्रच्या छातीत मोजलं. जन्मठेप झाली. तीन वर्षं वैभव हायकोर्टाच्या वकिलाकडे चकरा मारत होता आणि वकील एकच म्हणत होता, पाचवं दाखव.

"आई, सापडलं!" त्याचा आवाज फाटला. "आपल्याच घरी होतं! बाबा सुटते आता!"

त्यानं खिशातून फोन काढला. वच्छलाबाई खाली पसरलेली पातळं गोळा करत होत्या. घडी मोडलेल्या एका पातळाची त्यांनी परत नीट घडी घातली.

मॅडमनी अस्तर उजेडाकडे केलं.

"हे आत पडलेलं नाही. कोणीतरी ठेवून वरून शिवलंय. दुहेरी टाका आहे."

"मीच शिवलं," वच्छलाबाई म्हणाल्या.

वैभवचा फोन कानापर्यंत पोचला नाही.

"कधी?" त्यानं विचारलं.

"दिवाळीत. गजेंद्र मेला त्याच्या दोन महिने आधी."

"मंग कोर्टात काहून नाही बोलली तू? माह्याजवळच तं बसली होती!"

वच्छलाबाई मॅडमकडे बघून बोलल्या. मुलाकडे बघून ते बोलता येत नव्हतं.

"रोज जेवाच्या वक्ताले ते हे काडतूस माह्या ताटाजवळ उभं ठेवत. बाकीचे चार डुकरांसाठी, हे तुह्या नावाचं, असं म्हणत. मंग जेवत. हे असंच वरीसभर. एक दिवस ते बागेत गेले तवा म्या उचललं. त्यायनं घर पालथं घातलं. माहा हात त्याच दिवशी मोडला."

"तू तं विहिरीजवळ पडली म्हणे."

"तुले तसंच सांगतलं होतं."

मागची रांग दुसऱ्या पट्ट्याकडे वळवली गेली. हैदराबादच्या प्रवाशांसाठी शेवटची सूचना झाली. वैभवनं ती ऐकली की नाही, कळलं नाही.

"फेकून काहून नाही दिलं मंग?" त्यानं हळूच विचारलं. "जाम नदीत टाकलं असतं तं कोणाले समजलं नसतं."

"लय येळा घेऊन गेली पुलावर. टाकलं असतं तं ते कधीच सुटले नसते. तेवढं नाही झालं माह्याच्यानं. अन् द्याचीही हिंमत नाही झाली. आज सांगीन, उद्या सांगीन, असं करता करता तीन वर्षं गेले. ताटाजवळ काडतूस ठेवाले घरात कोणी नव्हतं, वैभव. मी पोटभर जेवून राहिली होती."

मॅडमनी पेन उघडलं, पण कागदाला टेकवलं नाही.

"बाई, जबाब लिहायचा आहे. हे असं लिहिलं तर तुमच्यावरही येईल. कुठून आलं माहीत नाही, असंही पुष्कळ लोक सांगतात. नीट विचार करा."

वच्छलाबाईंनी मुलाकडे बघितलं. तो उभ्या उभ्या रडत होता. बापासाठी की आईसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. एका हातात फोन होता आणि पडद्यावर वकिलाचं नाव होतं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "वच्छला यशवंतराव. काडतूस म्या लपवलं, म्या शिवलं. गजेंद्र मेला तवा ते ह्या पिशवीत होतं. सगळं लिहा, मी सही करते."

मग त्यांनी वैभवचा फोन धरलेला हात वर उचलून दिला.

"लाव वकिलाले. खरं हाय ते खरं हाय. फक्त ज्या दिवशी ते सुटतीन ना पोरा, त्याच्या आदल्या दिवशी मले सांगजो."